पंचेचाळीस अंशातली स्पोर्ट बाइक: खान्देशात वेगवान गाडी घ्यायची, चालवायची आणि सांभाळायची कशी

मे महिना, दुपारचे अडीच. पारोळ्याच्या अलीकडे एका ढाब्यासमोर मी गाडी साइड स्टँडवर लावली, हेल्मेट काढलं, पाण्याचा जग तोंडाला लावला आणि मागे धप्प आवाज झाला. वळून बघतो तर गाडी आडवी. उन्हानं डांबर लोण्यासारखं झालं होतं आणि स्टँडचा पाय त्यात बोटभर रुतला होता. क्लचचा लिव्हर मोडला, फेअरिंगला, म्हणजे गाडीच्या प्लास्टिकच्या आवरणाला, वीतभर चीर गेली. लिव्हर जळगावात नव्हता, धुळ्यातही नव्हता. नाशिकहून यायला नऊ दिवस लागले. त्या दिवसापासून माझ्या टँक बॅगेत तळहाताएवढी पत्र्याची चकती असते. गाडी लावली की आधी ती जमिनीवर ठेवायची, तिच्यावर स्टँड टेकवायचा, मगच हँडल सोडायचं. पावसाळ्यात काळ्या मातीवरही तीच चकती उपयोगी पडते.

गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तकात हे लिहिलेलं नसतं. जळगाव, धुळे, नंदुरबार भागातल्या पोरांना मोठ्या गाडीची फार ओढ आहे, आणि मला ती ओढ मनापासून समजते. म्हणूनच गाडी निवडण्यापासून ती सांभाळण्यापर्यंत जे इथल्या उन्हात आणि इथल्या रस्त्यांवर शिकलो, ते सगळं इथे क्रमानं मांडतोय.

गाडी निवडताना

मोठी गाडी चौकात उभी केली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कितली पयस रे भो?" म्हणजे पळते किती. मला विचाराल तर पहिला प्रश्न ती थांबते किती अंतरात हा हवा, आणि त्याहून आधी, तिला थांबवणं मला येतं का हा.

आकडे समोर ठेवून बघू. अल्टो ८०० या चारचाकीचं इंजिन ७९६ सीसीचं आणि ताकद पन्नास बीएचपीच्या आत. सुझुकी हायाबुसा १९९९ साली आली. तिचं आजचं इंजिन १३४० सीसीचं आहे, ताकद १९० पीएस (पीएस आणि बीएचपी ही जवळपास सारखीच मापं) आणि वजन २६६ किलो. कावासाकीची झेडएक्स-१०आर ९९८ सीसीची, ताकद दोनशे पीएसच्या घरात. अशा लिटरच्या, म्हणजे हजार सीसीच्या आसपासच्या, स्पोर्ट बाइकचा नुसता पहिला गिअर ताशी १०० किलोमीटरच्या पुढे जातो. आपल्याकडे दुभाजक असलेल्या चौपदरी महामार्गावरही दुचाकीची कायदेशीर मर्यादा ताशी ८० आहे. म्हणजे गाडीचे पाच गिअर बाकी असतानाच कायदा संपलेला असतो.

म्हणून १२५ सीसीवरून थेट हजार सीसीवर उडी मारू नका. मधली पायरी घ्या: केटीएम आरसी ३९० (३७३ सीसी), टीव्हीएस अपाचे आरआर ३१० (३१२ सीसी) किंवा कावासाकी निंजा ३०० (२९६ सीसी). यातली कुठलीही गाडी किमान दोन पावसाळे चालवा. उन्हाळा सगळ्यांनाच येतो, पण ओल्या रस्त्यावर ब्रेक कसा दाबायचा हे हात दुसऱ्या पावसाळ्यातच शिकतो. त्यानंतर ६५० आणि मग, खरंच वाटलं तर, लिटर.

खिशाचाही विचार यातच आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के. थर्ड पार्टी विम्याचा सर्वात वरचा टप्पाही ३५० सीसीच्या पुढेच सुरू होतो. मोठ्या गाडीचा मागचा टायर, चेन सेट, ब्रेक पॅड सगळं महाग, आणि मऊ रबराचा मागचा टायर आपल्या तापलेल्या रस्त्यावर फार लवकर मधोमध सपाट होतो. गाडीच्या हप्त्याइतकीच रक्कम दर महिन्याला बाजूला टाकता येत असेल तरच घ्या. मी हे हिशेबाची वही समोर ठेवून सांगतोय.

सेकंड हँड घेत असाल तर

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा जाणता माणूस आधी खूर उचलून बघतो, दात बघतो, चालवून बघतो. झूल आणि साज सगळ्यात शेवटी. सेकंड हँड गाडीही तशीच बघायची. रंग आणि स्टिकर शेवटी.

गाडी बघायला सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगा, चालू करून ठेवू नका. इंजिनाला हात लावून गार आहे याची खात्री करा आणि मग स्टार्टर मारा. गार इंजिन पहिल्या दोन सेकंदांत जे बोलतं ते गरम झाल्यावर बोलत नाही. नंतर हँडलच्या टोकाचे बार एंड, लिव्हरची टोकं आणि फूटपेगच्या कडा बघा. गाडी कुठे घासली असेल तर खूण तिथेच असते, किंवा नेमके तेवढेच भाग नवे असतात. पुढच्या फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या शॉकच्या, नळीवरून बोट फिरवा. तेल लागलं तर सील गेलं आहे. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश डावीकडून उजवीकडे न्या. मधोमध अडकल्यासारखं वाटलं तर बेअरिंग खराब. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षांपेक्षा जुना टायर नक्षी शिल्लक असली तरी बदलायचा, आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करून मागायचे.

कागद स्वतः तपासा. चासी नंबर गाडीवरून उतरवून आरसीशी अक्षर अन् अक्षर ताडून पाहा, कर्जाचा बोजा उतरला का ते बघा. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी हवी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स वेगळा भरावा लागतो. स्वस्तात मिळाली म्हणून आणलेली गाडी एमएच १८, १९ किंवा ३९ होईपर्यंत कितीला पडते, त्याचा हिशेब टोकन देण्याआधीच करा.

अंगावर काय घालायचं

हेल्मेट पूर्ण चेहऱ्याचं, आयएसआय शिक्क्याचं हवं. वर ईसीई हे युरोपातलं प्रमाणपत्र असेल तर उत्तमच. हनुवटीचा पट्टा लावून हेल्मेट मागून पुढे ओढून बघा. निघून आलं तर ते तुमचं माप नाही. हातमोजे, घोट्याच्या वर जाणारे बूट, खांदा-कोपर-पाठीला पॅड असलेलं जॅकेट आणि गुडघ्याला पॅड असलेली पँट हा सगळा खर्च गाडीच्या किमतीतच धरायचा.

"एवढ्या उन्हात जॅकेट?" असं घरची मंडळी विचारतात. हवा ४० अंशाच्या वर गेली की उघड्या अंगावर येणारा वारा गारवा देत नाही, तो भट्टीच्या तोंडासारखा अंग सुकवतो. घाम त्वचेवर टिकण्याआधीच उडून जातो आणि माणसाला कळतही नाही की अंगातलं पाणी संपतंय. शेतकरी भर उन्हात पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोक्याला उपरणं का घालतो, त्याचं कारण हेच. मी जाळीदार जॅकेटच्या आत सुती बनियन पूर्ण भिजवून घालतो. मानेभोवती ओला रुमाल. हे साधारण तासभर टिकतं, मग थांबायचं, पुन्हा भिजवायचं, अर्धा लिटर पाणी आणि ओआरएस घ्यायचं. डोकं जड वाटलं, घाम येणं थांबलं किंवा सोपा गिअर चुकला, तर सावलीत गाडी उभी करा. या तिन्हींपैकी एक जरी झालं तरी पुढचं गाव गाठायचा विचार सोडा.

एप्रिल-मेमध्ये माझा साधा नियम आहे: पहाटे पाचला निघायचं, दहाच्या आत मुक्कामी पोहोचायचं.

थांबायला शिकणं

लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. ताशी ८० वेगात गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते, म्हणजे क्रिकेटच्या अख्ख्या खेळपट्टीपेक्षा जास्त. संकट दिसून बोटं ब्रेकवर यायला एक सेकंद धरला आणि कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागला, तर गाडी साधारण ५५ मीटरमध्ये थांबते. ताशी १६० ला तेच अंतर जवळपास १७० मीटर होतं. वेग दुप्पट झाला की नुसत्या ब्रेकचं अंतर चौपट होतं, कारण गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते.

आता डोळ्यांपुढे आणा: मुकटी ते पारोळा, रात्रीचे आठ, पुढे कापसाची ट्रॉली, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टरवर चिखल. हेडलाइटच्या उजेडात ती दिसेल तेव्हा तुमच्या हातात किती मीटर आहेत? दिव्याच्या उजेडात जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता येईल, तोच रात्रीचा वेग. मी तर दिवस मावळल्यावर मोठी गाडी काढतच नाही.

सराव असा करा. रविवारी सकाळी एमआयडीसीतला एखादा रिकामा, सरळ, खडी नसलेला रस्ता शोधा. मित्राला बरोबर घ्या, तो दोन्ही बाजूंची वाहनं बघेल. खडूनं आडवी रेघ मारा. ताशी ४० नं या आणि रेघेवर ब्रेक लावा. गुडघ्यांनी टाकी आवळायची, कोपर सैल, नजर चाकापुढे न ठेवता लांब. पुढच्या ब्रेकवर दोन बोटं. लिव्हर खेचायचा नाही, पिळायचा: आधी पॅड डिस्कला टेकेपर्यंत हलकं, मग पुढचा फोर्क दबल्याचं जाणवलं की जोर वाढवत न्यायचा. ओला कपडा पिळताना हात जसा शेवटी घट्ट होतो, तसं. गाडीचं वजन पुढच्या चाकावर आलं की त्याची पकड वाढते आणि तेव्हाच ते खरा जोर सोसतं. पहिल्याच झटक्यात लिव्हर आवळला तर वजन यायच्या आत चाक लॉक व्हायला लागतं. आता १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) सक्तीचं आहे, त्यामुळे लिव्हर बोटांखाली धडधडेल. ती धडधड ओळखीची होऊ द्या, घाबरून सोडू नका. मागचा ब्रेक बरोबरीनं, पण हलका.

थांबल्यावर रेघेपासून पावलं मोजा आणि लिहून ठेवा. दहा वेळा करा. मग ताशी ६०. मी सुरुवातीला ४० च्या वेगात सोळा पावलं घेत होतो, महिनाभरानं दहावर आलो. गाडी तीच, टायर तेच. दर दिवाळीनंतर आणि पहिल्या पावसानंतर हा सराव मी आजही करतो.

वळण आणि घाट

वळणाआधी वेग कमी, वळणात हलका आणि एकसारखा थ्रॉटल, नजर वळण जिथे संपतं तिथे. उजवीकडे वळायचं तर उजव्या हँडलला पुढे हलका दाब द्यायचा. पहिल्यांदा उलटं वाटतं, पण वेगात गाडी अशीच झुकते, सायकलसुद्धा. डोळे जिथे, गाडी तिथे. दरीच्या कठड्याकडे बघत राहिलात तर कठड्याकडेच जाल.

सरावाला चाळीसगावहून कन्नडचा घाट चांगला, पण पहिल्यांदा चढताना. चढावर गाडी आपोआप मंदावते, चूक सावरायला वेळ मिळतो. उतरताना खालचा गिअर धरून इंजिनाला गाडी रोखू द्या, ब्रेक तापवू नका. शहाद्याहून तोरणमाळला जाताना सात पायरी घाटातली वळणं इतकी अरुंद आहेत की स्पोर्ट बाइकचं कमी वळणारं हँडल तिथे खरंच जड जातं. पहिल्या गिअरमध्ये, मागच्या ब्रेकवर हलका पाय ठेवून, क्लच अर्धा सोडून सावकाश जायचं. वर यशवंत तलावाकाठी हात मोकळे करा.

कोंडाईबारी घाटाच्या अलीकडे साक्रीच्या माळावर पवनचक्क्या दिसू लागल्या की आडवा वारा येणार हे धरून चला. मोठ्या ट्रकच्या आडोशातून बाहेर पडताना गाडी हातभर सरकते. अशा वेळी हँडल घट्ट धरायचं नाही, गुडघ्यांनी टाकी धरायची.

आपल्या रस्त्यांचे धोके

महामार्ग चौपदरी झाला तशी उलट्या बाजूनं येणारी मोटरसायकलही वाढली, खासकरून ढाबे, पेट्रोल पंप आणि दुभाजकाच्या कटजवळ. कट दिसला की थ्रॉटल सोडायचा, मग कोणी दिसो न दिसो. रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या गाड्यांतून पानं आणि देठ रस्त्यावर पडतात, त्यावरून टायर बर्फासारखा सटकतो. मका-ज्वारीच्या दिवसांत गावाजवळ अर्धा रस्ता धान्याला दिलेला असतो. पहिल्या पावसानंतर ट्रॅक्टरच्या चाकांची काळी माती शेताच्या फाट्यापाशी रस्त्यावर येते. ओली काळी माती म्हणजे साबण. तिथे ब्रेक नाही, झुकणं नाही, सरळ आणि सावकाश. सातपुड्याच्या पायथ्याला पहाटे आणि तिन्हीसांजेला रोही (नीलगाई) रस्ता ओलांडतात. एक गेला म्हणजे मागून दुसरा येणारच, थांबा.

वेगाची हौस भागवायची असेल तर रेसट्रॅक आहेत. चेन्नईजवळ आणि कोइंबतूरला ट्रॅकवर शिकवणारे वर्ग होतात. रुग्णवाहिका उभी असते, समोरून कोणी येत नाही. वर्षातून एकदा रेल्वेनं जाऊन ते करा. तिथे दोन दिवसांत जे हाताला कळतं ते महामार्गावर दोन वर्षांत कळत नाही. धुळ्याहून आग्रा महामार्गानं वर गेलं की पीथमपूरला ११.३ किलोमीटरचा नॅट्रॅक्सचा हाय-स्पीड ट्रॅक आहे खरा, पण तो वाहनांच्या चाचण्यांसाठी आहे, आपल्या हौसेसाठी नाही.

सांभाळ

आपल्याकडे गाडीचे तीन शत्रू: उष्णता, धूळ आणि लांबचं सर्व्हिस सेंटर.

रेडिएटर दर पंधरा दिवसांनी बघा. जाळीत किडे, कापसाचे तंतू, माती अडकते. बादलीतलं पाणी मगानं हळू ओता किंवा मऊ ब्रश वापरा. प्रेशरचा पाइप मारला तर पातळ पत्र्या दुमडतात आणि हवा कायमची बंद होते. कूलंट कंपनीनं सांगितलेलंच, नळाचं पाणी कधीच नाही. आपलं क्षारांचं पाणी आतून थर धरतं. सिग्नलला तापमान शंभरच्या वर जाणं, पंखा सुरू होणं ठीक आहे. काटा थांबायचं नावच घेत नसेल तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा. गरम रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका, उकळतं कूलंट तोंडावर येतं.

टायरची हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी मोजायची. आकडा स्विंगआर्मवरच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या, स्टिकरवर असतो, बऱ्याच मोठ्या गाड्यांना पुढे ३६ आणि मागे ४२ पीएसआय. दुपारी तापलेल्या टायरमध्ये हवा जास्त दिसते म्हणून पंपवाला काढायला सांगतो. काढू नका. वेड्या बाभळीचे काटे आपल्याकडे जागोजाग आहेत, म्हणून सीटखाली पंक्चरच्या पट्ट्या आणि छोटा पंप ठेवा. पट्टी फक्त टायरच्या नक्षीच्या भागात चालते, भिंतीला नाही, आणि तिच्यावर घरी किंवा दुकानापर्यंतच जायचं.

ऑइल जासो एमए२ (दुचाकीच्या ऑइलचा जपानी दर्जा) लिहिलेलंच घ्या. चारचाकीचं ऑइल ओल्या, म्हणजे इंजिन ऑइलमध्येच फिरणाऱ्या, क्लचला घसरवतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, दर दोन वर्षांनी बदला. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. एप्रिल २०२३ च्या आधीची गाडी असेल तर पुस्तकात तिची मर्यादा बघा आणि कुठलीही गाडी महिनोन्‌महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नका. सायलेन्सर बदलून आवाज वाढवणं बेकायदा आहे, आणि दवाखान्यासमोरून जाताना तो कुणाला ऐकू जातो याचा विचार करा.

बहुतेक मोठ्या ब्रँडचं सर्व्हिस सेंटर गाठायला नाशिक, संभाजीनगर, सुरत किंवा इंदूर. गाडी रस्त्यात बंद पडली तर छोटा हत्ती बोलवावा लागतो, आणि गाडी चढवायची पद्धत माहीत हवी. रस्त्याकडेला असा उंचवटा शोधा की टेम्पोचा हौदा त्याच्या बरोबरीला येईल. पुढचं चाक हौद्याच्या कोपऱ्यात टेकवा. पट्टे हँडलच्या टोकांना बांधू नका, फोर्कच्या खालच्या क्लॅम्पला बांधून दोन्ही बाजूंनी सारखे ताणा, फोर्क अर्धा दबेपर्यंत. मागून आणखी दोन पट्टे. पहिला गिअर टाका, स्टँड वर घ्या. स्टँडवर उभी करून बांधलेली गाडी पहिल्याच खड्ड्यात कलते.

शेवटी चेन. दर पाचशे किलोमीटरला, आणि धुळीतून किंवा पावसातून आलात तर त्याच दिवशी. दौऱ्यावरून आल्या आल्या, चेन कोमट असतानाच, गाडी पॅडॉक स्टँडवर (मागचं चाक अधांतरी ठेवणाऱ्या स्टँडवर) घ्या आणि इंजिन बंद ठेवून चाक हातानं फिरवा. चालू गिअरवर चेन पुसताना बोटं गेलेली माणसं आहेत. रॉकेलमध्ये बुडवलेल्या मऊ ब्रशनं धूळ काढा, पेट्रोल नको, त्यानं आतल्या रबरी रिंगा फुगतात. कोरड्या फडक्यानं पुसा, मग चेनच्या आतल्या बाजूनं ल्यूब मारा आणि रात्रभर तशीच राहू द्या. ढील पुस्तकातल्या मापाप्रमाणे पट्टी लावून मोजा. कव्हर सायलेन्सर पूर्ण गार झाल्यावरच घाला, उन्हाळ्यात त्याला चांगला तासभर लागतो. माझं पहिलं कव्हर सायलेन्सरला वितळून चिकटलं होतं, त्याचा काळा डाग अजून तिथे आहे.